एकशे सत्तावीस दातांचं चाक

मित्रांनो, आधी माझे दात मोजा बघू! मोजताना एका दाताला खडूची खूण करून ठेवा, नाहीतर पहिला कोणता आणि शेवटचा कोणता हेच कळणार नाही, आणि बसाल पुन्हा पहिल्यापासून मोजत. झाले मोजून? एकशे सत्तावीस! एक कमी नाही की एक जास्त नाही. मी एक जुनं दातेरी चाक आहे. अकोल्याच्या कापूसबाजारामागे मोरोपंतांचा लेथचा कारखाना आहे, तिथल्या भिंतीवर एका खिळ्याला मी लटकलेलो असतो. पण लटकलेला दिसलो म्हणून मला कमी लेखू नका हं. इंच आणि मिलिमीटर या दोन भांडखोर भावांना एका पंगतीला बसवणारा मीच!

माझा पहिला जन्म अगदीच साधा होता. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राचं मी झाकण होतो. गोल, जाड, ओतीव लोखंडाचं. दिवसभर अंगावर कापसाचे तंतू उडायचे आणि मी आपला गप्प बसून असायचो. पुढे त्या जिनिंग कारखान्यात नवी यंत्रं आली आणि जुन्यांची रवानगी भंगारात झाली. मोरोपंतांनी मला उचलून आणलं, पण कामाला मात्र लावलं नाही. त्यांच्या कारखान्यामागच्या अंगणात, उघड्या दारासमोरच, लिंबाच्या झाडाखाली मी पडून राहिलो. एक मांजर माझ्यावर झोपायची, तेवढाच काय तो माझा उपयोग. फार कंटाळलो होतो हो मी!

या मोरोपंतांची तऱ्हाच न्यारी. वडील अकोल्यातले नावाजलेले वकील. मुलानं काळा कोट घालावा ही त्यांची इच्छा, आणि मुलानं अंगाला काळं तेल फासून घेतलं. खाकी अर्धी चड्डी घालून ते कारखानाभर फिरत आणि कुठलंही यंत्र सुरू झालं की टाळी वाजवत. त्यांच्या लेथवर देवमन काम करायचा. लेथ म्हणजे लोखंड गरगर फिरवून टूल नावाच्या धारदार पोलादी तुकड्यानं त्याला हव्या त्या आकारात कापणारं यंत्र. देवमनचा त्यावर असा हात बसलेला होता, की तो नुसत्या आवाजावरून सांगायचा, "पंत, टूलची धार गेली."

कारखान्याच्या कोपऱ्यात पाण्याचा माठ होता. माठावर पितळी गिलास उपडा घातलेला असे. सगळे त्या गिलासानं पाणी पीत. देवमन मात्र ओगराळ्यानं पाणी घ्यायचा, दुसरा हात ओंजळीसारखा तोंडाशी धरायचा आणि वरून धार सोडायचा. मला वाटायचं, असते एकेकाची आवड. मोरोपंतांनाही तसंच वाटत असावं, कारण ते याबद्दल कधी बोलले नाहीत.

आता आट्यांची गंमत ऐका. स्क्रूवर किंवा बोल्टवर जे वळसे असतात ना, त्यांना म्हणतात आटे. लेथवर आटे कापायचे म्हणजे एकीकडे लोखंडाची कांब फिरते आणि त्याच वेळी टूल धरून ठेवणारी गाडी बाजूला सरकत जाते. गाडी सावकाश सरकली की आटे दाट, भरभर सरकली की विरळ. आणि गाडीनं किती सरकायचं हे कोण ठरवतं? आम्ही दातेरी चाकं! कुठलं चाक कुठल्या चाकाला जोडायचं, एवढाच सगळा खेळ. कागदावर एक भागाकार मांडा, त्या आकड्यांची चाकं लावा आणि लोखंडावर तो भागाकार वळसे घेत उतरतो. मला तर अजूनही हे आठवलं की अंगात फिरकी येते.

मोरोपंतांच्या लेथबरोबर विलायतेहून चाकांची एक पेटी आली होती. वीस दातांचं, पंचवीस दातांचं, तीस दातांचं, अशी पाचापाचांनी वाढत जाणारी भावंडं. सगळी कशी इस्त्रीची! लेथवर पितळी पट्टी होती, तिच्यावर कोणतं चाक कुठं लावायचं ते कोरलेलं होतं, पण सगळं इंचाच्या हिशेबात. एका इंचात आठ आटे, दहा आटे, बारा आटे. जिनिंगची यंत्रं विलायती, मळ्यातली इंजिनं विलायती, त्यामुळे सगळं जग इंचात चाललं होतं आणि कुणाचं काही अडत नव्हतं.

मग आपल्या देशात नवी मापं आली. शेराचा किलो झाला, मैलाचा किलोमीटर झाला. बाजारात बायका "अर्धा शेर" म्हणायच्या आणि दुकानदार अर्धा किलो तोलायचा. आणि हळूहळू नव्या कारखान्यांतून नवे पंप येऊ लागले. त्यांचे आटे होते मिलिमीटरचे.

वैशाख होता. अकोल्याचं ऊन म्हणजे काय सांगू! अंगणात माझ्यावर मांजरसुद्धा टेकत नव्हती. भर दुपारी देवमनची थोरली बहीण कारखान्यात आली. तिचं नाव मनकर्णा. दर्यापूरच्या वाटेवर खारपाणपट्ट्यात तिचं खेडं. एस.टी.तून उतरून ती तडक चालत आली होती, आणि कापडात गुंडाळलेलं काहीतरी तिनं देवमनपुढं धाडकन टाकलं.

"देवमन, हे पाह्य. पंपाचा दांडा मोडला."

कापडात पंपाचा शाफ्ट होता, दोन तुकडे झालेला. सोबत पंपाचा पंखा होता, पाणी ढकलणारा. तो मात्र धडधाकट होता.

"अवं बाई, बस आदी. पानी घे."

"मी इथं पानी प्याले नाही आली," मनकर्णा म्हणाली. "परवा मैनाचं लगन हाय. तू तिचा मामा. टाकीत पान्याचा थेंब नाही आन घरी पाव्हने येऊन राह्यले."

मोरोपंत लगबगीनं पुढं आले. "मनकर्णाबाई, अमरावतीला पंपाच्या दुकानात विचारलंत का?"

"इचारलं त! मुंबईहून दांडा याले महिना लागीन म्हंते तो. महिन्यानं काय लेकराचं बारसं करू?"

देवमन हसला, पण ती हसली नाही. मग तिनं जे सांगितलं ते मी अंगणातून ऐकलं, आणि त्यानंतर माझी झोप उडाली. त्यांच्या भागात जमिनीतलं पाणी खारट. गोड्या पाण्याची विहीर जुन्या गावात एकच. तिच्या काठावर मनकर्णाच्या माणसांना चढू देत नसत. खाली घागर मांडून उभं राहायचं. तहान लागली तर ओंजळ धरायची, आणि वरून कुणाला दया आली तर पाणी वाढलं जायचं. छप्पन साली वस्तीनं बुद्धाचा धम्म घेतला, आणि मग सगळ्यांनी मिळून नदीकाठी स्वतःची विहीर खणली. त्यावर नवा पंप बसला. पाणी नळानं थेट वस्तीच्या टाकीत येऊ लागलं.

"पह्यल्या दिवशी नळ सुटला तवा मी सगळ्यायपुढं सांगतलं होतं," मनकर्णा म्हणाली, "की आता मनकर्णा कोनापुढं ओंजळ धरनार नाही, आन माही लेक त धरनारच नाही. आता पोरीच्या लग्नाच्या दिवशी पाव्हन्यायले घेऊन त्याच विहिरीखाली जाऊन उभी राहू काय? सांग मले!"

नदीकाठची विहीर वस्तीपासून लांब होती. लग्नाचं पाणी डोक्यावरून वाहून आणायचं तर लग्न कोण लावणार?

देवमननं शाफ्टचे तुकडे उचलले. शाफ्ट करणं अवघड नव्हतं. अवघड होते ते आटे. पंखा शाफ्टवर आट्यांनीच बसायचा, आणि पंख्याच्या पोटातले आटे काही बदलता येणार नव्हते. म्हणजे शाफ्टवर अगदी तसेच आटे हवेत. देवमननं पितळी पट्टी पाहिली. जवळात जवळ आकडा होता इंचाला तेरा. त्यानं भंगारातल्या एका कांबीवर तेरानं आटे कापले आणि पंख्यात फिरवून पाहिले. पहिला वेढा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. मनकर्णाचा चेहरा खुलला. आणि पुढच्या वेढ्याला कांब गच्च बसली.

"लाव पाना आन मार जोर!" मनकर्णा म्हणाली.

"जोर मारला त पंखाच फुटीन, बाई," देवमन म्हणाला. "हे इंचाचे आटे नाहीत. थोडे वेगळे हायेत. पह्यले जमते असं वाटते, मंग हळूहळू फरक साचत जाते."

त्याच वेळी घरातून कुंदा आली. कुंदा म्हणजे मोरोपंतांची लेक. अमरावतीला मुलींच्या शाळेत गणित शिकवायची आणि सुट्टीला घरी आली होती. तिनं पंख्यातले आटे नीट निरखले, पट्टीनं मापले आणि म्हणाली, "बाबा, हे दोन मिलिमीटरचे आहेत. खडू द्या मला."

आणि मग ती चक्क फरशीवर बसली! देवमन सांगत गेला, ती लिहीत गेली. लेथची गाडी ज्या लांब स्क्रूवर चालते, त्याचे इंचाला चार आटे. इंच म्हणजे पंचवीस पूर्णांक चार दशांश मिलिमीटर. भागाकार, छेद, पुन्हा भागाकार. मोरोपंत मागून वाकून पाहत होते आणि त्यांच्या कपाळावरचा घाम खडूच्या आकड्यांवर पडत होता.

"बाबा, सरका हो! आकडे पुसतील!"

शेवटी फरशीवर दोनच आकडे उरले. वर चाळीस, खाली एकशे सत्तावीस.

"चाळीसचं चाक आहे पेटीत," मोरोपंत म्हणाले. "पण एकशे सत्तावीस? हा कसला आकडा? छेद दे की त्याला."

"कशानं देऊ? दोननं जात नाही, तीननं जात नाही, सातनं नाही, अकरानं नाही. तो कशानंच भागला जात नाही. पण बाबा, बघा तर खरं! पाच इंच म्हणजे बरोबर एकशे सत्तावीस मिलिमीटर. सगळ्यात लहान पूर्ण आकडा हाच, जिथं इंच आणि मिलिमीटर एकमेकांना भेटतात. हे एक चाक असलं तर आपला जुना लेथ मिलिमीटरचे आटे कापेल. एकही दात चुकायला नको, बस्स!"

मोरोपंतांनी टाळी वाजवली. मग हात खाली आले. "चाक हवं ना पण. मुंबईहून मागवावं लागेल."

"मुंबईचं नाव नोका घेऊ," मनकर्णा म्हणाली.

देवमन अंगणात आला. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि मग त्याची नजर माझ्यावर पडली. माझ्यावर! त्यानं पायानं मला उलटं केलं, बोटानं टिचकी मारून आवाज ऐकला आणि आत ओरडला, "पंत, चाक घरचंच हाये! फक्त त्याले दात नाहीत!"

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते कसं सांगू! लिंबाखालच्या त्या पडीक झाकणाला कुणीतरी नावानं हाक मारली होती.

दात पाडायला सुरुवात केली, आणि पहिलीच अडचण आली. गोल ताटलीचे सारखे चार भाग करणं सोपं, सोळा करणं सोपं, पण एकशे सत्तावीस? कोणत्याही भागाकारात न बसणारे भाग आखायचे कसे? कुंदानं कोनाचं गणित करून पाहिलं, तर एकेका दाताचा कोन असा निघाला की त्याचे दशांश संपता संपेनात. तेव्हा देवमननं कापसाच्या गाठीला बांधायची लोखंडी पट्टी आणली. अकोल्यात ती पट्टी रस्तोरस्ती मिळते. त्यानं दोन टोकांचा एक पंच बनवला. एक टोक आधीच्या भोकात बसवायचं, दुसऱ्यानं पुढचं भोक पाडायचं. मग टोक उचलून पुढं. असं करत भोकं पडत गेली, सगळी सारख्या अंतरावर, सरळ रेषेत. कुंदा मोठ्यानं मोजत होती आणि मनकर्णा पट्टी ताणून धरत होती. मध्ये मोरोपंत काहीतरी बोलायला गेले तर दोघी एकदमच ओरडल्या, "गप्प!"

एकशे सत्तावीस भोकं झाली. मग एक लाकडी चाक पट्टी बरोबर पुरेल एवढं तासून तिच्यात बसवलं. शेवटच्या आणि पहिल्या भोकातलं अंतरही बाकीच्यांइतकंच आलं! आता कोणताही भागाकार न करता भाग पाडून तयार होते. ते लाकडी चाक लेथच्या फिरत्या दांड्याच्या एका टोकाला लावलं आणि मला दुसऱ्या टोकाला. एका भोकात खुंटी अडकवायची, टूल पुढंमागं सरकवत माझ्या कडेला एक खाच पाडायची, खुंटी काढायची, पुढच्या भोकात घालायची, पुन्हा खाच. त्यासाठी देवमननं टूलची धार चाळीस दातांच्या चाकाच्या खाचेशी ताडून घासली होती. दुखलं का विचारता? अहो, गुदगुल्या झाल्या! एकेक दात फुटत होता आणि मी मनात मोजत होतो.

पेटीतली भावंडं कुजबुजत होती. "एकशे सत्तावीस? ना पाचाचा पाढा, ना दहाचा. आपल्यात कुठं बसायचा हा?" मी म्हटलं, बसायला जागा नको, फिरायला द्या म्हणजे झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेथवर चढलो. माझ्याशेजारी चाळीस दातांचं चाक, मध्ये एक साधं चाक दोघांना जोडायला. मोरोपंतांनी लेथ फिरवणारा पट्टा चढवला आणि मी फिरलो! जन्मात पहिल्यांदा! एकही दात अडकला नाही, खडखडाट नाही, सगळे दात एकामागोमाग एक बसत गेले. चाळीसवाला म्हणाला, "अरे वा, पोरगं सरळ चालतंय की!" मला तर ओरडावंसं वाटलं, बघा, बघा मी फिरतोय!

चांगल्या पोलादाची एकच कांब कारखान्यात होती आणि तिच्यातून दोनच शाफ्ट निघत होते. देवमननं पहिला शाफ्ट चढवला. टूलचा पहिला फेरा झाला. पोलादावर केसाएवढी नाजूक रेघ उमटली, वेढे घेत गेलेली. कुंदानं पट्टी लावली. दहा वेढे, वीस मिलिमीटर! बरोबर वीस! मोरोपंतांच्या टाळ्या थांबेनात.

आणि दुसऱ्या फेऱ्याला घात झाला.

गाडीला एक मूठ असते. ती उचलली की गाडी लांब स्क्रूवरून सुटते. इंचाचे आटे कापताना प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी मूठ उचलायची, गाडी हातानं मागं आणायची, लेथवरची खूण पाहून मूठ पुन्हा दाबायची, की टूल बरोबर आधीच्याच खाचेत उतरतं. देवमनची अर्धी हयात तसंच करण्यात गेली होती. फेरा संपला, त्याचा हात गेला, मूठ उचलली गेली. खूण पाहून त्यानं मूठ दाबली आणि टूल उतरलं ते दोन आट्यांच्या बरोबर मध्ये. कर्र! केलेलं सगळं कापून गेलं. त्या खुणा इंचाच्या होत्या. मिलिमीटरच्या आट्यांना त्या ओळखतच नव्हत्या.

देवमननं लेथ बंद केला आणि आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिला.

"मूठ उचलायचीच नाही," मोरोपंत हळू आवाजात म्हणाले. "टूल बाहेर ओढायचं आणि सगळं यंत्रच उलटं फिरवून परत आणायचं. आपल्या लक्षात यायला हवं होतं, देवमन."

"पंत, मले समजते. पन हात ऐकत नाही." देवमन म्हणाला. "एकच तुकडा राह्यला. पुन्हा हात गेला त मैनाच्या लग्नात मी तोंड कसं दाखवू?"

मनकर्णा इतका वेळ दाराशी उभी होती. ती पुढं आली. शाफ्ट गुंडाळून आणला होता ते कापड तिनं उचललं आणि टर्रकन त्याची चिंधी फाडली. "कोनती मूठ रे?"

देवमननं दाखवली.

तिनं मूठ खाली दाबली आणि चिंधीचे चार वेढे देऊन करकचून गाठ मारली.

"घे. आता जाऊ दे हात. गाठीवर आपटीन आन वापस येईन." मग म्हणाली, "काहून रडतं? नळ आला तरी माहे पाय कितीतरी दिवस सकाळी उठून त्या जुन्या विहिरीकडंच वळत होते. अर्ध्या वाटेवर गेल्यावर आठवे, का वं मनकर्णे, कुठी चालली? पायायले समजाले टाइम लागते. हाताले बी लागन."

देवमननं डोळे पुसले आणि शेवटचा तुकडा लेथवर चढवला.

या वेळी पट्टा उतरवला. यंत्राच्या वेगावर कुणाचाच भरवसा नव्हता. मोरोपंतांनी कांब पकडून ठेवणारं चक दोन्ही हातांनी धरलं आणि ते स्वतः लेथ फिरवू लागले, खाकी चड्डीत, घामानं निथळत. कुंदा बुधलीतून टूलवर तेलाची धार सोडत होती. फेरा संपला. देवमनचा हात गेला! गेलाच! आणि चिंधीच्या गाठीवर आपटला. माझ्या सगळ्या दातांत कळ आली. देवमन दचकला, हसला, टूल बाहेर ओढलं आणि म्हणाला, "पंत, उलटं!" मोरोपंतांनी लेथ उलटा फिरवला. मीसुद्धा उलटा फिरलो आणि गाडी जशी गेली तशी परत आली. टूल पुढं. "पंत, सुलटं!" ते बरोबर त्याच खाचेत उतरलं. हुर्रे! मी ओरडलो, पण माझं ओरडणं म्हणजे फक्त टकटक, ते कुणाला कळणार?

उलटं, सुलटं, उलटं, सुलटं. सुरुवातीला दर फेऱ्याला हात गाठीवर आपटत होता. पुढं पुढं नुसता हलायचा. शेवटी शेवटी तो टूलवरच शांत राहिला. आटे खोल होत गेले, चकाकू लागले. मोरोपंतांना दम लागला तेव्हा मनकर्णानं पदर खोचला आणि म्हणाली, "सरका तुमी. जातं फिरवलेला हात हाये हा." आणि उरलेले फेरे तिनं फिरवले.

शाफ्ट उतरला. देवमननं फडक्यानं पुसला आणि पंखा त्याच्यावर धरला. पहिला वेढा, दुसरा, तिसरा. जिथं काल अडकलं होतं तिथं सगळ्यांनी श्वास रोखले. पंखा पुढं गेला! नुसत्या दोन बोटांनी, पाना नाही, जोर नाही, पार शेवटपर्यंत गेला आणि शाफ्टच्या खांद्याला टेकून थांबला. कुंदानं मनकर्णाला मिठी मारली, तेलकट हातांनीच. मोरोपंतांनी टाळी वाजवली नाही. ते स्टुलावर बसून नुसते हसत होते. संध्याकाळच्या गाडीनं भाऊ-बहीण शाफ्ट घेऊन गावी निघाले.

त्यानंतर माझे दिवस पालटले. खेड्याखेड्यांतून नव्या पंपांचे शाफ्ट, नव्या यंत्रांचे बोल्ट येऊ लागले. "पंतांकडे मिलिमीटरचं चाक आहे" अशी आमची ख्याती अमरावतीपर्यंत गेली. लोक मला पाहायला यायचे, दात मोजायचे, चुकायचे. पेटीतल्या भावंडांनीही मला आपल्यात घेतलं. पुढे कारखान्यात नवा लेथ आला. त्याच्या पोटातच दोन्ही मापांची सोय, नुसता दांडा सरकवला की झालं. मग मी खिळ्यावर चढलो. गंज चढतो, कोळी दातांत जाळं विणतो. कुणी सायकलचा पंप माझ्यावर आपटून ठेवतं तेव्हा वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? मित्रांनो, तुमच्याही घरी अशी एखादी जुनी वस्तू असेल. तिला विचारा तरी, बाई गं, तू कोणाच्या वेळेला धावून गेली होतीस?

पण थांबा, थांबा! खरी गोष्ट तर राहिलीच. लग्नाचं काय झालं ते?

लग्नानंतर मनकर्णा पुन्हा आली, देवमनबरोबर. एका हातात लग्नातले लाडू, दुसऱ्या हातात तोंडाला कापड बांधलेली कळशी. एस.टी.च्या धक्क्यांतून तिनं टाकीचं गोडं पाणी आणलं होतं.

"पंप लावला आन धो धो पानी!" ती दारातूनच सांगू लागली. "पाव्हने पेले, पोरं न्हाली, मांडवात सडा टाकला. आन आयका, जुन्या गावातल्या दोन बाया आल्या घागरी घेऊन, त्यांची विहीर आटली म्हून. मी म्हनलं, या, नळाखाली लावा घागर, जशी आमी लावतो तशी लावा. आता तुमी सगळे हे पानी प्या."

तिनं कळशीचं कापड सोडलं. "पह्यले मामाले."

देवमन पुढं आला. त्यानं मान जराशी वाकवली आणि दोन्ही हात जुळवून ओंजळ तोंडाशी धरली.

मनकर्णाची कळशी हवेतच थांबली. तिनं भावाच्या ओंजळीकडं पाहिलं. मग कोपऱ्यातल्या माठाकडं पाहिलं, त्यावरच्या पितळी गिलासाकडं पाहिलं. "काहून रे देवमन? तू इथं असाच पानी पेतं?"

देवमन गोंधळला. "मले कोनी काई म्हनत नाही, बाई. हातच असा जाते."

मोरोपंतांचा चेहरा उतरला. इतकी वर्षं ते रोज हे पाहत होते. "देवमन," ते म्हणाले, "मी कधी विचारलंच नाही रे." ते उठले, गिलास घेतला, धुतला आणि मनकर्णापुढं धरला.

मनकर्णानं गिलास काठोकाठ भरला आणि भावापुढं केला. त्याची ओंजळ अजून तशीच होती.

"हातावर बी चिंधी बांधू काय रे आता?"

कुंदा खळखळून हसली, मग देवमन हसला, आणि हसता हसता त्याची ओंजळ सुटली. त्यानं गिलास घेतला, ओठाला लावला आणि घटाघटा संपवला. मग त्याच गिलासात मोरोपंतांनी पाणी घेतलं, मग कुंदानं.

ती चिंधी अजून माझ्या खिळ्याला बांधलेली आहे. दरवर्षी बुद्धपौर्णिमेच्या आधी देवमन मला खाली उतरवतो, त्या चिंधीनं माझे दात पुसतो, बोटभर तेल लावतो आणि जाता जाता माठावरचा गिलास उचलून पाणी पितो. मित्रांनो, कधी अकोल्याला आलात तर माझ्या दातांवरची धूळ झटका, एक बोट तेल लावा. आणि माठ रिकामा दिसला तर आधी तो भरा, मग माझं बघा.